वाचकांचे प्रश्न : खाल्लेले अंगी केव्हा लागते?

सजीवांना लागणारी पोषकद्रव्ये आणि सेंद्रिय रेणू यांविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली. सगळ्यांना या पानांत उत्तर देणे शक्य नसल्याने सहा पत्रे निवडली आहेत. त्यांतील सोयाबीनचे पत्र आणि एका आशा कार्यकर्तीचे पत्र मुद्दाम शेजारी ठेवले आहे, कारण एक शेतातले आणि दुसरे दवाखान्यातले असले, तरी दोघांचे दुखणे एकाच मूलद्रव्याशी येऊन थांबते.

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पाठ्यपुस्तकात कर्बोदके, प्रथिने, मेद हे 'सेंद्रिय रेणू' असल्याचे सांगितले आहे. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "मग युरिया सेंद्रिय की रासायनिक?" मी त्याला नीट उत्तर देऊ शकले नाही.
— एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी

ताई, विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे खरे उत्तर 'दोन्ही' असे आहे. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभा असलेला रेणू. कार्बनच्या अणूला चार हात असतात असे मुलांना सांगावे. त्या चार हातांनी तो दुसऱ्या कार्बनला, हायड्रोजनला, ऑक्सिजनला किंवा नत्राला धरून लांबच लांब साखळ्या आणि कडी तयार करतो, आणि सजीवांचे बहुतेक सारे बांधकाम अशा साखळ्यांचेच असते. असे रेणू केवळ सजीवांच्या शरीरातच, एखाद्या प्राणशक्तीमुळे तयार होतात अशी पूर्वी समजूत होती. १८२८ मध्ये फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत, कोणत्याही प्राण्याच्या मूत्रपिंडावाचून, युरिया तयार केला आणि त्या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. आपले यकृतही प्रथिनांतील जास्तीच्या नत्राचा युरिया बनवते आणि तो मूत्रावाटे बाहेर जातो. तो युरिया आणि गोणीतला युरिया यांच्या रेणूत तसूभरही फरक नाही.

शेतीतील 'सेंद्रिय' हा शब्द मात्र रेणूविषयी बोलत नाही, तो पद्धतीविषयी बोलतो. कारखान्यातील खते आणि फवारण्या टाळून शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खते यांवर केलेली शेती, असा त्याचा अर्थ आहे. शिवाय जमीन आरोग्य पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' असतो, म्हणजे मातीतील कुजलेल्या सेंद्रिय अंशातला कार्बन, तो आणखी तिसरा अर्थ. तो अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर जमीन त्या बाबतीत गरीब समजली जाते. गोणीतल्या युरियात ४६ टक्के नत्र असते, त्याने पीक हिरवे होईल, पण मातीतील जिवाणूंना लागणारे अन्न आणि पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय अंश त्यातून मिळणार नाही. शेणखताची जागा युरिया घेऊ शकत नाही ती एवढ्यासाठी. युरियाचा रेणू अपवित्र आहे म्हणून नव्हे.

वर्गात दाखवण्यासाठी ज्वारीचे एक कणीस आणि कडब्याची एक पेंडी न्यावी. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातला सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ आहेत. सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन असा तोच मणी, फक्त दोन मण्यांमधली गाठ वेगळ्या बाजूने मारलेली. दाण्यातली गाठ सोडवणारे विकर (एन्झाइम) आपल्या लाळेत आणि आतड्यात आहे. कडब्यातली गाठ सोडवणारे विकर आपल्याजवळ नाही, बैलाजवळही नाही, पण बैलाच्या पोटातील सूक्ष्मजीवांजवळ ते आहे. म्हणून ज्वारीच्या एकाच धाटाचा वरचा भाग माणसाच्या अंगी लागतो आणि खालचा बैलाच्या. अन्नात एखादी गोष्ट असणे आणि ती आपल्याला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : काळ्या रानात सोयाबीन आहे. पेरणीला महिना झाला. आठ दिवस झड लागली आणि त्यानंतर शेंड्याची पाने पिवळी पडली. कृषी सेवा केंद्रावर युरिया टाकायला सांगितले. टाकावा का?
— एक शेतकरी, औसा, जि. लातूर

तूर्त टाकू नये. आधी पिवळेपणा कोठून सुरू झाला ते पाहावे. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, त्यामुळे खालची पाने आधी पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह झाड सहसा हलवू शकत नाही, म्हणून कमतरता कोवळ्या शेंड्यावर दिसते, आणि पान पिवळे होत असताना शिरा हिरव्या राहतात. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे ठिपके असतील आणि रानात पांढरी माशी दिसत असेल, तर मात्र तो पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असण्याची शक्यता आहे, आणि अशी झाडे लवकर उपटून नष्ट करावीत. आपण केलेल्या वर्णनावरून पहिला संशय लोहावर जातो.

येथे आपण विचाराल की आपल्या जमिनीत लोहाची काय कमतरता? कमतरता नाहीच. आपली काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो लोहाने भरलेला आहे. अडचण त्याच्या रूपाची आहे. मातीत हवा असली की लोह 'फेरिक' रूपात, म्हणजे गंजाच्या भाऊबंदांत राहते, आणि हे रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जमिनीचा सामू (पीएच) एका अंकाने वाढला की विरघळलेले फेरिक लोह सुमारे १,००० पटीने घटते. सामू आठच्या पुढे असलेल्या चुनखडीच्या रानात मूळ लोहाच्या राशीवर बसलेले असते आणि तरीही उपाशी राहते. सोयाबीनचे मूळ स्वस्थ बसत नाही. ते आम्ल सोडून आजूबाजूची माती किंचित आंबट करते आणि फेरिक लोहाचे 'फेरस' या विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करून ते आत ओढते. पण झड लागून वाफसा (मातीतला ओल आणि हवेचा मेळ) मोडला की चुनखडी, पाणी आणि मातीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड यांपासून बायकार्बोनेट साचते, आणि मुळाने सोडलेले आम्ल ते जागच्या जागी मारून टाकते. आपल्या रानात झडीनंतर शेंडे पिवळे पडले, त्यामागचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून पहिला उपाय चर काढून पाणी बाहेर काढण्याचा आणि वाफसा आणण्याचा आहे. पुष्कळदा तेवढ्यानेच नवीन पाने हिरवी येतात. न आल्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन पानांवर फवारावे, म्हणजे मातीचा अडथळाच टळतो. तयार चिलेटेड लोहही (सेंद्रिय रेणूने धरून विरघळलेले ठेवलेले लोह) चालते, मात्र त्याचे प्रमाण डब्यावर पाहून घ्यावे. हिराकस जमिनीत टाकल्यास अशा रानात तो थोड्याच दिवसांत पुन्हा अविद्राव्य होतो आणि पैसा मातीत जातो.

युरियाविषयी एक गोष्ट स्वतः करून पाहावी. दोन-तीन झाडे मुळासकट हळूच उपटून त्यांच्या गाठी नखाने फोडाव्यात. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र बांधत आहेत असे समजावे, आणि त्यांना वरून युरियाचा डोस देऊ नये, कारण आयते नत्र मिळाले की झाड गाठींना पोसणे कमी करते. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा तो जवळचा नातेवाईक आहे, त्याच्याही मध्यभागी लोहाचा अणू असतो आणि त्याचेही काम ऑक्सिजन धरण्या-सोडण्याचे आहे. मातीत वाढणाऱ्या एका शेंगवर्गीय झाडाच्या मुळाशी रक्तासारखा रंग का असावा, हे समजले त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो.

प्रश्न : आमच्या गावातील पुष्कळ बायका दिवाळीच्या सुमारास उसतोडीला जातात. त्यांना लोहाच्या गोळ्या देते, पालेभाज्या खायला सांगते. काही जणींचे हिमोग्लोबिन ८-९ च्या पुढे सरकत नाही. बायका म्हणतात, गोळ्यांनी शौचाला काळे होते, म्हणून सोडून दिल्या. मी आणखी काय सांगू?
— एक आशा कार्यकर्ती, केज, जि. बीड

ताई, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. तेव्हा आपल्याला दिसते ते एका गावापुरते नाही आणि त्यात आपला दोषही नाही. वरचे सोयाबीनचे उत्तर कृपया वाचावे, कारण या बायकांच्या आतड्यात जवळजवळ तेच घडते आहे.

ज्वारीत, डाळीत आणि पालेभाजीत लोह असते, परंतु ते बहुतांशी फेरिक रूपातले असते आणि धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचा रेणू त्याला घट्ट धरून ठेवतो. धान्य-डाळींच्या जेवणातील लोहापैकी साधारण एक-दशांश किंवा त्याहूनही कमी शरीरात शिरते, उरलेले आल्या वाटेने निघून जाते. मांस-मासळीतले लोह हिमोग्लोबिनच्याच चौकटीत बसलेले असल्याने त्याला हा अडथळा कमी होतो. बहुतेकींच्या ताटात ते क्वचितच येते, म्हणून भाकरीतले लोहच सोडवून घेण्याच्या मागे लागावे.

येथे चहा आडवा येतो. फडावर पहाटे भाकरीबरोबर कोरा चहा, दुपारी पुन्हा चहा, हे मला ठाऊक आहे, आणि थंडीत उसाच्या फडात उभ्या असलेल्या बाईला चहा सोडायला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण चहातील टॅनिनवर्गी पदार्थ जेवणातील लोहाला बांधून टाकतात आणि आत शिरणारे लोह निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणून सांगायचे ते इतकेच, की चहा भाकरीसोबत घेऊ नये, तास-दीड तास मागे-पुढे करावा. त्याच भाकरीवर किंवा वरणावर, शिजवून खाली उतरवल्यानंतर, अर्धे लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्व फेरिक लोहाचे फेरस करते आणि त्याला विरघळलेले ठेवते, म्हणजे सोयाबीनच्या मुळाचे काम येथे लिंबू करते. आवळा, पेरू, जालन्याकडची मोसंबी, मोड आलेली मटकी यांनीही तेच साधते. पीठ रात्री आंबवून केलेली ज्वारीची आंबील ही आपल्या आजीची जुनी रीत याच कारणाने मोलाची आहे, आंबण्यात फायटेट बरेच मोडते. भाजीला लोखंडी कढई वापरल्यास कढईचेही थोडे लोह उतरते, विशेषतः चुका किंवा अंबाडी अशी आंबट भाजी असली तर.

बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते हा समज मनातून काढावा, तो रंग लोहाचा नाही. गुळाने थोडा हातभार लागतो, पण ८ चे ११ होत नाही. तेथे गोळीच लागते. शौचाला काळे होणे हे न शोषलेल्या लोहामुळे होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे गोळी देण्याच्या आधीच सांगितले तर बायका ती सोडत नाहीत असा माझा अनुभव आहे. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेऊ नये. आकडा वाढल्यावरही काही महिने चालू ठेवावी, कारण रक्त भरल्यानंतर यकृतातला साठा भरायचा असतो.

त्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असते, त्याचा इतिहास आपल्या जवळचा आहे. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. त्या स्त्रियांच्या रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत्या, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होत. अर्कातील तो घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पेशी दुभंगताना नवे डीएनए तयार करावे लागते आणि त्यासाठी हा रेणू लागतो. तांदुळजा, चाकवत, शेपू, हरभऱ्याची कोवळी भाजी यांत तो भरपूर आहे, फक्त भाजी उकडून पाणी फेकून देऊ नये.

नियमाने दोन महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, अथवा तो ७ च्या खाली असेल, तर आहाराच्या सल्ल्यावर विसंबू नये. पाळीत जास्त रक्त जाणे, जंत, बी-१२ ची कमतरता, थॅलेसिमियासारखा आनुवंशिक दोष यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांनी पाहावे लागते.

प्रश्न : घरात आता गव्हाची पोळी आली आणि भाकरी मागे पडली. नातू व्यायामशाळेत जातो, प्रथिनांची महागडी पावडर मागतो. ज्वारीत प्रथिने नसतात असे त्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?
— एक आजोबा, उदगीर, जि. लातूर

अर्धे खरे आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ती 'नसतात' असे नाही. पण प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. त्यांतील नऊ आपल्या शरीराला बनवता येत नाहीत आणि ती अन्नातूनच यावी लागतात. नऊपैकी एक जरी तोकडे पडले तरी बाकीची असून उपयोग होत नाही, जसे गवंडी, विटा, वाळू सगळे आले आणि सिमेंट आलेच नाही तर बांधकाम थांबते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे आहे. शिवाय तिचे काफिरिन नावाचे मुख्य प्रथिन शिजवल्यावर पचायला काहीसे अवघड होते. तुरीच्या डाळीत लायसिन मुबलक असते आणि मेथिओनिन कमी, ज्वारीत त्याची भरपाई होते. तेव्हा आपली वरण-भाकरी ही नुसती गरिबाची तडजोड नाही. दोन अपुऱ्या माळा एकत्र येऊन तीत एक पुरी माळ होते. उणीव निर्माण होते ती वरण पातळ होत होत नुसते पाणी उरते तेव्हा.

ही उणीव किती महागात पडू शकते, याचा दाखला दख्खनच्या पठारानेच दिला आहे. मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा रोग दिसत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब आणि पुढे मनाचा गोंधळ ही त्याची लक्षणे. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तो होतो, आणि नायसिन शरीराला ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही करता येते. मक्यात ट्रिप्टोफॅन फार कमी असते, म्हणून मका खाणाऱ्यांच्या पेलाग्राचा उलगडा झाला होता, पण ज्वारीत ते तितके कमी नाही. मग येथे तो का व्हावा? हैदराबादचे आहारशास्त्रज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाचा अतिरेक नायसिनच्या वाटेत अडथळा आणत असावा. पुढे या कल्पनेवर मतभेद झाले. रोग मात्र जेवणात डाळ, दूध, भाजी वाढली तसा मागे हटला. दोष ज्वारीचा नव्हता, एकट्या ज्वारीवर भागवावे लागण्याचा होता.

तेव्हा भाकरी पुन्हा ताटात आणावी. २०१८ मध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने प्रसारित केलेला 'परभणी शक्ती' हा वाण मिळाला तर उत्तमच, त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे, नेहमीच्या ज्वारीत ते साधारण ३० आणि २० असते. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, व्यायाम करणाऱ्या तरुणाला त्याहून जास्त लागतात, पण घट्ट वरण, उसळ, दही, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी यांतून ती निघतात. ज्या लातूर जिल्ह्यातून सोयाबीनच्या गाड्या भरून बाहेर जातात, तेथल्या मुलाने प्रथिनासाठी डबा विकत आणावा याचे मला मनापासून वाईट वाटते. सोयाबीनमध्ये वजनाच्या ३६ ते ४० टक्के प्रथिने असतात आणि लायसिनही भरपूर असते. फक्त ते कच्चे खाऊ नये, भिजवून नीट शिजवावे, कारण प्रथिन पचवणाऱ्या विकराला रोखणारा एक घटक त्यात असतो आणि तो उष्णतेने निकामी होतो.

प्रश्न : करडईचे तेल हृदयाला चांगले म्हणतात. घाण्यावरून तेच आणतो. आणखी काही लागते का?
— एक वाचक, मानवत, जि. परभणी

करडईच्या तेलात साधारण तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. ते शरीराला बनवता येत नाही, म्हणून तेल चांगलेच आहे. पण न बनवता येणारे दुसरेही एक मेदाम्ल आहे, अल्फा-लिनोलेनिक, आणि ते करडईत जवळजवळ नाही. ते जवसात आहे, तेलाच्या निम्म्याच्या आसपास. रोज दोन चमचे जवसाची चटणी खावी. जवस भाजून कुटलेला असावा, अख्खा दाणा न मोडता तसाच बाहेर पडतो.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्यांचे माळकरी. पायाला मुंग्या येतात, थकवा असतो. डॉक्टरांनी बी-१२ कमी असल्याचे सांगून इंजेक्शने लिहून दिली. शाकाहारात हे जीवनसत्त्व नाहीच का? घेतलेले औषध आमच्या नेमाला बाधेल का?
— एक वाचक, पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही आणि कोणताही प्राणीही बनवत नाही. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. पहिल्या उत्तरात कडबा पचवणाऱ्या ज्या सूक्ष्मजीवांचा उल्लेख आला, तसेच सूक्ष्मजीव गाईच्या पोटात हे जीवनसत्त्वही तयार करतात आणि तेथून ते दुधात उतरते. त्यामुळे दूध-दही हा माळकऱ्याचा खरा आधार आहे. प्रौढाला दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने ते भागत नाही. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून कमतरता फार उशिरा कळते. औषधातील बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडूनच तयार करून घेतात, त्याच्या रेणूसाठी प्राण्याचे मांस लागत नाही. कॅप्सूलच्या आवरणाचा संशय असेल तर त्याऐवजी गोळी किंवा इंजेक्शन मागावे.

इंजेक्शने अर्धवट सोडू नयेत. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेत राहिले तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते, आणि पायांच्या मुंग्या हे तिचेच चिन्ह आहे. ती फार पुढे गेली तर नंतरच्या औषधाने पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशीच इंजेक्शन घ्यावे आणि घरातील साठीच्या पुढच्या माणसांचीही एकदा तपासणी करून घ्यावी.